डान्सबारवर धाड पडते तेव्हा गिऱ्हाइकाचं काय होतं?

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात एक बातमी ठरावीक साच्यात येत राहते. मध्यरात्री बारवर छापा, आत अश्लील नृत्य सुरू, बारबालांची सुटका, रोकड आणि म्युझिक सिस्टीम जप्त, मॅनेजर, कॅशियर, वेटर आणि अमुक इतक्या ग्राहकांवर गुन्हा. मालक बहुतेक वेळा जागेवर सापडलेला नसतो. बातमी तिथेच संपते. यादीत शेवटी असलेल्या त्या ग्राहकांचं पुढे काय झालं, हे क्वचितच छापून येतं.

कायद्यातलं उत्तर तसं छोटं आहे. बारमध्ये बसून नाच पाहिला एवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरत नाही, असं सांगून मुंबई उच्च न्यायालयाने वेगवेगळ्या प्रकरणांत ग्राहकांवरचे गुन्हे रद्द केले आहेत. पण हे उत्तर उच्च न्यायालयात मिळतं, धाडीच्या रात्री पोलीस व्हॅनमध्ये मिळत नाही. त्या रात्रीपासून त्या निकालापर्यंतच्या काळातच ग्राहकाला खरा धोका असतो, आणि त्यातला बराचसा तो स्वतःच्या घाईने वाढवून ठेवतो.

मुळात बंदी आहे की नाही?

याबाबत वकिलांशिवाय बाकीच्यांचा गोंधळ असतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही दोन कलमं घातली गेली. परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर बंदी आली, तारांकित हॉटेलं मात्र वगळली. श्रीमंतांच्या हॉटेलात तोच नाच चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेद न्यायालयात टिकला नाही. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सरकारने २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांनाही बंदीत ओढून पुन्हा कायदा केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मग आला २०१६ चा कायदा. त्याचं अधिकृत नाव दोन ओळींचं आहे. बोलताना सगळे त्याला अश्लील नृत्य प्रतिबंध कायदा म्हणतात आणि आज धाड पडली की एफआयआरमध्ये हाच असतो. या कायद्याने सरसकट बंदी घातली नाही. परवाना घ्या, अटी पाळा, अश्लील नाच नको, असा त्याचा ढाचा आहे. अटी मात्र अशा रचल्या होत्या की परवाना कुणाला मिळूच नये. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर अंतर, नाचाच्या जागी सीसीटीव्ही, नाच चालतो तिथे दारू नाही, असं बरंच काही. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यातल्या पुष्कळ अटी रद्द केल्या. सीसीटीव्हीची सक्ती खासगीपणावर घाला घालते म्हणून गेली, अंतराची अट मुंबईसारख्या शहरात अशक्य म्हणून गेली, दारूवरची बंदीही गेली.

जे टिकलं ते ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही नाचाची वेळ टिकली. अश्लील नाचाची व्याख्या टिकली. केवळ कामवासना चाळवण्यासाठी केलेला आणि ज्यात लैंगिक कृती, शरीरसंबंधाला तयार असल्याचे इशारे किंवा अंगप्रदर्शनाच्या ठरावीक मर्यादा ओलांडणं असेल, तो नाच अश्लील. नाचणाऱ्या स्त्रीची छाती उघडी असली तरी तो त्यात बसतो. म्हणजे परदेशी सिनेमात दिसतो तसा स्ट्रिप क्लब महाराष्ट्रात कोणत्याही परवान्यावर चालू शकत नाही. तसं काही ‘प्रायव्हेट पार्टी’ म्हणून कुणी विकत असेल तर ते बेकायदाच आहे.

तिसरी टिकलेली गोष्ट नोटांची. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

प्रत्यक्षात ज्याला आपण डान्सबार म्हणतो त्या बहुतेक ठिकाणांकडे नाचाचा परवाना नसतोच. त्यांच्याकडे ऑर्केस्ट्राचा परवाना असतो. गायिका उभं राहून गाणार, वादक वाजवणार, एवढीच परवानगी. स्टेजवर चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी पोलिसांची जुनी अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही स्त्री-पुरुष विभागणी रद्द केली, एकूण आठ कलाकारांची मर्यादा मात्र ठेवली. त्यामुळे आठही स्त्रिया असल्या तरी चालतं, पण बारा असल्या तर चालत नाही, आणि गाणं थांबवून नाच सुरू झाला तरीही चालत नाही. दारावर ‘ऑर्केस्ट्रा’ पाटी आहे, भिंतीवर परवाना लावलाय, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजणाऱ्या ग्राहकाला हा फरक धाडीनंतर कळतो.

धाड कशी पडते

पोलीस दार तोडून आत शिरतात आणि मग काय चाललंय ते बघतात, असं सहसा होत नाही. आधी आत गेलेला असतो बनावट ग्राहक. कधी पोलीसच, कधी त्यांनी पाठवलेला माणूस, सोबत पंच. तो टेबलावर बसतो, बिअर मागवतो, काय चाललंय ते बघतो आणि इशारा देतो. त्याच्याकडच्या नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात लिहून ठेवलेले असतात. इशारा मिळाला की बाहेरचं पथक आत येतं, संगीत बंद होतं, दिवे लागतात आणि ज्याला त्याला आहे तिथे बसायला सांगितलं जातं.

मुंबईत हे काम पोलिसांची समाजसेवा शाखा करते, स्थानिक पोलीस ठाणंही करतं. बारवालेही तयारीत असतात. बाहेर माणूस उभा, आत लाल दिवा किंवा घंटी, आणि लपायच्या जागा. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारमध्ये पोलिसांना काहीच सापडत नव्हतं. अखेर मेकअप रूममधला आरसा फोडला तेव्हा त्यामागच्या पोकळीतून १७ जणी बाहेर आल्या. अशी सोय केलेल्या जागेत गिऱ्हाईक म्हणून बसणं किती धोक्याचं आहे, याचा कायद्याशी काही संबंध नाही. आग लागली तर काय होईल, एवढाच विचार पुरे.

मग याद्या होतात. स्त्रियांना बाजूला घेतात, त्यांना एफआयआरमध्ये पीडित म्हणून दाखवतात किंवा जबाब घेऊन सोडतात. पुरुष कर्मचारी एका बाजूला, ग्राहक दुसऱ्या. ग्राहकांचं काय करायचं हे त्या रात्रीच्या अधिकाऱ्यावर फार अवलंबून असतं. कधी नाव-पत्ता लिहून सोडतात, कधी साक्षीदार करतात, कधी सगळ्यांना ठाण्यात नेऊन आरोपी करतात. एकाच शहरात, एकाच आठवड्यात या तिन्ही गोष्टी झालेल्या दिसतात. यातली तिसरी गोष्ट पुष्कळदा पुरावा आहे म्हणून होत नाही. मोठी यादी म्हणजे मोठी कारवाई, या हिशोबाने ती होते, असं माझं मत आहे.

ग्राहकावर कोणती कलमं लागतात

सर्वांत नेहमीचं कलम म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य. जुन्या भारतीय दंडसंहितेत ते २९४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९६ झालं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

या कलमात दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. कृत्य अश्लील असलं पाहिजे आणि त्याने इतरांना त्रास झाला पाहिजे. ग्राहकाने तर कृत्य केलेलंच नसतं. म्हणून पोलीस त्याच्या जोडीला अपप्रेरणेचं कलम लावतात, म्हणजे तुम्ही समोर बसून पैसे मोजत होतात म्हणून नाच चालू होता. युक्तिवाद वरवर पटतो. न्यायालयात तो अडतो, कारण अपप्रेरणा म्हणजे काहीतरी प्रत्यक्ष केलेलं दाखवावं लागतं आणि एफआयआरमध्ये बहुधा एवढंच असतं की ‘खालील इसम ग्राहक म्हणून बसलेले मिळून आले’.

त्रासाच्या मुद्द्यावर तर पोलिसांची बाजू आणखी पातळ होते. तिथे पैसे देऊन आलेल्या लोकांना नाचाचा त्रास झाला असं कोण म्हणणार? नागपूर जिल्ह्यातल्या एका रिसॉर्टवर २०२३ मध्ये अशीच धाड पडली होती. तोकड्या कपड्यांत स्त्रिया नाचत होत्या, नोटा उधळल्या जात होत्या, असं पोलिसांचं म्हणणं. पाच जणांनी गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो मान्य केला. अशा कपड्यांत किंवा पोहण्याच्या पोशाखात स्त्रिया दिसणं आजच्या समाजात सर्रास आणि स्वीकारलेलं आहे, तेव्हा तोकडे कपडे आणि उत्तेजक वाटणारे हावभाव एवढ्यावर अश्लीलता ठरत नाही, आणि ती ठरवणं पोलिसांच्या वैयक्तिक मतावर सोडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. २९६ खाली सुटलेला ग्राहक २०१६ च्या कायद्याखाली अडकू शकतो. परवाना नसताना नाच चालवणं, अश्लील नाच ठेवणं, स्त्रियांचं शोषण करणं, या कलमांच्या शिक्षा जबर आहेत. परवान्याविना चालवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा २५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ती चालवणाऱ्यासाठी आहेत. ग्राहकासाठीचं कलम वेगळं आहे, आठव्या कलमाचं चौथं पोटकलम. ते कशाबद्दल आहे? स्टेजवर नोटा, नाणी किंवा पैशात मोजता येईल अशी वस्तू उधळणं, तिथे काम करणाऱ्या स्त्रीशी असभ्य वागणं, तिच्या अंगाला हात लावणं. याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे कायदा ग्राहकाच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या हातांकडे बघतो. तमाशाच्या फडात दौलतजादा करण्याची रीत महाराष्ट्राला जुनी आहे, त्यामुळे नोटा उडवणं पुष्कळांना गुन्हा वाटतच नाही. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उधळण्यावरची बंदी मुद्दाम कायम ठेवली. टिप हातात द्यायला मात्र हरकत नाही आणि ती बिलातच जोडली पाहिजे असंही नाही, असं सांगितलं. म्हणून धाडीनंतरच्या कागदांत कोणत्या ग्राहकाच्या टेबलावर सुट्ट्या दहा-वीसच्या नोटांची बंडलं होती, कोण उभा राहून नोटा फेकत होता, हे नाव घेऊन लिहिलेलं असेल तर त्या ग्राहकाची केस बाकीच्यांपेक्षा वेगळी झाली. आणि हात लावला असेल तर गोष्ट या कायद्यापुरतीही राहत नाही. विनयभंगाचं कलम लागतं. ‘ती बारमध्ये काम करते’ हा त्यावर कोणत्याही न्यायालयात चालणारा बचाव नाही, आणि चालू नये.

दारूचा भाग थोडक्यात. महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. एका दिवसाचा, विदेशी दारूसाठीचा परवाना पाच रुपयांना मिळतो आणि सहसा बारच तो फाडतो. ज्या जागेकडे दारूचाच परवाना नाही, तिथे बसलेला माणूस मात्र दारूबंदी कायद्याच्या ८४ व्या कलमात येतो. तिथे दारू प्यायली जात असताना तो हजर होता म्हणजे पिण्यासाठीच आला होता, असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. ‘मी फक्त बसलो होतो’ हा बचाव नाचाच्या बाबतीत चालतो, इथे तो इतका सहज चालत नाही.

जिथे प्रकरण हलकं राहत नाही

वर सांगितलेलं सगळं नाच आणि प्रेक्षक एवढ्यापुरतं आहे. बारच्या मागे किंवा वरच्या मजल्यावर वेश्याव्यवसाय चालत असेल तर अनैतिक मानवी व्यापार प्रतिबंधक कायदा लागतो, बोलीत ‘पिटा’. या कायद्याचा मुख्य रोख अड्डा चालवणारे आणि दलाल यांच्यावर आहे. तरी सातव्या कलमात सार्वजनिक जागेजवळच्या व्यवहारात ग्राहकालाही तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे.

त्याहून गंभीर आहे भारतीय न्याय संहितेचं कलम १४४. फसवून किंवा जबरदस्तीने आणलेल्या, विकल्या गेलेल्या व्यक्तीचं लैंगिक शोषण करणाऱ्याला किमान तीन वर्षं सक्तमजुरी. ‘माहीत असताना’ एवढंच नव्हे, ‘तसं मानायला कारण असताना’ असे शब्द त्यात आहेत. मुलगी बाहेर जाऊ शकत नाही, तिच्याकडे फोन नाही, बोलणी सगळी दुसराच करतो, हे समोर दिसत असताना नंतर ‘मला काय माहीत’ म्हणता येणार नाही. आणि ती अठराच्या आतली निघाली तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागतो. तिची संमती तिथे विचारात घेतलीच जात नाही. ‘ती मोठी दिसत होती’ या भरवशावर कुणी राहू नये. अशा प्रकरणात गुन्हा रद्द होईल या आशेवर हायकोर्टात जाणाऱ्यांना रिकाम्या हाताने परत यावं लागतं, ते योग्यच आहे.

ड्रग्ज सापडले तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा. नुसत्या सेवनालाही, पदार्थानुसार, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अंगझडती घेण्याआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क पोलिसांनी सांगायला हवा, हे त्या कायद्याचं ५० वं कलम. टेबलाखाली पडलेली पुडी कुणाची, यावर अख्खी केस फिरते.

त्या रात्री

पळू नये. मागच्या जिन्यावरून किंवा शौचालयाच्या खिडकीतून निघण्याच्या प्रयत्नात लोक जखमी होतात. शिवाय अंमलदाराला धक्का लागला तर न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे लोकसेवकावर बळाचा वापर. तो अजामीनपात्र गुन्हा आहे. मूळ कलमात तीन महिन्यांची शिक्षा आणि जामिनाचा हक्क, आणि त्यातून सुटायला म्हणून केलेल्या धक्काबुक्कीने कोठडी, असा हा उफराटा सौदा होतो.

नाव आणि पत्ता खरा द्यावा. खोटं नाव सांगणाऱ्याला वाटतं आपण घर वाचवलं. पण खिशातलं लायसन्स किंवा यूपीआयचं बिल लगेच खरं नाव सांगतं आणि मग दिशाभूल केल्याचा वेगळा मुद्दा उभा राहतो. नाव-पत्त्यापलीकडे मात्र स्वतःला गुंतवणारी उत्तरं देण्याची सक्ती नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे कायद्यातच लिहिलंय, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पंचनाम्याची किंवा जप्तीची गोष्ट वेगळी. तुमच्या खिशातून काढलेल्या वस्तूंच्या यादीवर सही मागितली तर आधी वाचा. स्वतःचे पगाराचे पैसे ‘नृत्यावर उधळण्यासाठी बाळगलेली रक्कम’ म्हणून लिहिले गेले असतील तर तिथेच बोला.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक केलंय. लोक कॅमेरा दिसला की तोंड लपवतात, ते समजण्यासारखं आहे. पण हेच चित्रीकरण नंतर ग्राहकाचा सगळ्यात चांगला साक्षीदार ठरू शकतं, कारण तो कोपऱ्यात बसून जेवत होता की स्टेजपाशी उभा होता हे त्यात दिसतं.

अटकेचं काय? सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नये, अटकेची गरज का आहे ते लिहावं, नाहीतर चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात बजावलंय. ती नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली निघते. नोटीस मिळाली तर ठरलेल्या तारखेला जावंच. टाळाटाळ केली की तेच अटकेचं कारण होतं. अटक झालीच तर कारण सांगणं, घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला कळवणं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं पोलिसांना भाग आहे. घरी कळू नये म्हणून पुष्कळ जण कुणालाच कळवू नका म्हणतात आणि रात्रभर वकिलाविना बसतात. भाऊ, मित्र, ऑफिसातला भरवशाचा माणूस, कुणीही एक जण चालतो.

पहाटेच्या सुमारास आणखी एक माणूस भेटतो. ‘साहेबांशी बोलतो, नाव काढून टाकतो.’ लाच देणं हाही २०१८ च्या दुरुस्तीनंतर थेट गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि नाव एकदा स्टेशन डायरीत चढलं की ते काढून टाकणं मध्यस्थाच्या हातात राहत नाही, हे त्यालाही माहीत असतं.

वीस रुपयांचा दंड

सगळ्यात महागाची चूक पुढे, कोर्टात होते. समन्स येतं. केस किरकोळ वाटते. कुणीतरी सांगतं, गुन्हा कबूल करा, हजार रुपये भरा, पाच मिनिटांत मोकळे. तारखांना यायला नको, घरी सांगायला नको. माणूस कबूल करतो.

हरयाणात एका सरकारी कर्मचाऱ्याने हेच केलं होतं. २९४ खाली खटला, कबुली, वीस रुपये दंड. त्या कबुलीवरून त्याची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की या कलमाखालची शिक्षा म्हणजे आपोआप नैतिक अधःपतन ठरत नाही. इतक्या क्षुल्लक दंडावर कुणाची नोकरी जाऊ नये यासाठी संसदेने काही तरतूद करावी, असंही सुचवलं. तो जिंकला, पण वीस रुपयांसाठी त्याला दिल्ली गाठावी लागली.

दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात, सरकारी भरतीच्या साक्षांकन नमुन्यात, परदेशी व्हिसाच्या प्रश्नावलीत ‘कधी शिक्षा झाली आहे का’ याचं उत्तर मग ‘होय’ असतं. ते लपवलं तर शिक्षेपेक्षा लपवणंच जास्त नडतं. सरकारी नोकराला वेगळीच भीती असते. कोठडी ४८ तासांपेक्षा जास्त झाली की मानीव निलंबन होतं, म्हणजे तो निलंबित झाला असंच धरलं जातं, मग गुन्हा कोणताही असो. पासपोर्टच्या बाबतीत नुसत्या एफआयआरने अडत नाही, पण न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. अशा वेळी त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

लढण्याचा रस्ता दिसतो तितका लांब नाही. मात्र २०१६ च्या कायद्याची जड कलमं सरसकट सगळ्यांना लावलेली असू शकतात. म्हणून एफआयआरची प्रत लवकर मिळवून कोणत्या कलमांत आपलं नाव आहे ते पाहावं. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही सहसा मिळते.

आणि नसेल थांबायचं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. तिथे खंडपीठ तुमचं चारित्र्य बघत नाही. एफआयआर, पंचनामा आणि बनावट ग्राहकाचा जबाब समोर ठेवून एकच प्रश्न विचारला जातो: या माणसाने नेमकं काय केलं असं पोलीस म्हणतात? ‘मिळून आला’ एवढंच उत्तर असेल तर गुन्हा रद्द होण्याची शक्यता चांगली असते. ‘नोटा उधळताना मिळून आला’ असं असेल तर वकिलाला जास्त घाम गाळावा लागतो. ‘हात धरून ओढत होता’ असं असेल तर अर्ज मागे घ्या, असा सल्ला बहुधा वकीलच देतो. या कामासाठी वकील पहिल्याच भेटीत मागतो ते कागद म्हणजे एफआयआर, जप्तीची यादी, नोटीस मिळाली असल्यास ती, आणि त्या रात्रीचं बिल. बिलावर वेळ असते, टेबल क्रमांक असतो आणि काय घेतलं ते असतं. बहुतेक जण घरी जाण्याआधी ते फाडून टाकतात.